काशिनाथचा बॅकअप उघडत होता

काशिनाथ, तुझ्या मयताला माणसं खूप आली होती. शेणव्याच्या तुझ्या घरापासून ओढ्याच्या वळणापर्यंत रस्ता भरला होता. किन्हवलीचे दुकानदार, शहापूरची आपली जुनी मंडळी, तुझ्याकडे काम शिकून पुढे ठाण्याला आणि पुण्याला गेलेली पोरं, आणि मी कधी पाहिल्याही नव्हत्या अशा कितीतरी बायका, डोळ्याला पदर लावून. मी फणसाखाली उभा होतो आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, आपल्या वेळी यातले किती येतील? मित्राची तिरडी बांधली जात असताना कुणाला असलं काही सुचतं? मला सुचलं. तुझ्या बाबतीत मला कायम आधी हेच सुचत आलं आहे.

तिरडी उचलायच्या जरा आधी आपल्या कामावरच्या कँटीनचा सदा म्हणाला, "काशिनाथभाऊंनी वर पोचल्या पोचल्या बॅकअप घ्यायला घेतला असेल." त्याच्या शेजारचा म्हणाला, "घेतील रे. उघडायचा नाय एवढंच." रडवेले झालेले सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्यामुळे हे लिहायला बसलो आहे. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं कुणीतरी लिहील, माझ्यापेक्षा बरं लिहील. आपल्या निवृत्त मंडळींच्या अंकात हे छापून येईल तेव्हा वाचणाऱ्या बऱ्याच जणांना ती म्हण ठाऊक असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. जी वस्तू जपून ठेवली आणि ऐन वेळी कामाला आली नाही, तिला आमच्याकडे 'काशिनाथचा बॅकअप' म्हणतात. न उघडणारी छत्री, लग्नाच्या मांडवात बंद पडलेला जनरेटर, अडचणीच्या वेळी फोन न उचलणारा मेहुणा. तू स्वतःही ती म्हण वापरायचास आणि सगळ्यांपेक्षा जोरात हसायचास.

आपण भेटलो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, मिसरूड नीट फुटायच्या वयात. मी तुझ्या आधी लागलो होतो, आणि हे मी आयुष्यभर कुणाला ना कुणाला ऐकवत आलो. मी मुरबाड तालुक्यातला, सरळगावचा. सकाळची एसटी तिथून निघायची तेव्हा मी खिडकीशी बसायचो आणि शेजारी रुमाल टाकून तुझी जागा धरायचो. शेणव्याला तू चढायचास आणि ती जागा किन्हवलीपासून उभ्या आलेल्या एखाद्या म्हातारीला देऊन टाकायचास. म्हातारी तुझ्या डोक्यावरून हात फिरवायची. जागा मी धरलेली, रुमाल माझा, आशीर्वाद तुला. मग तू वरच्या दांड्याला लटकून गप्पा मारायचास आणि अख्खी गाडी तुझ्याकडे तोंड करून बसायची. "उद्यापासनं नाय धरणार तुझी जागा," मी म्हणायचो. "धरशील रे," तू म्हणायचास. आणि मी धरायचो.

पुढे एक्स्चेंजमध्ये माणसांचं काम उरलं नाही. त्याच सुमारास शहापूरच्या पुढे, हायवेपासून आत, माळावर ते डेटा सेंटर उभं राहिलं. बाहेरून गोदामासारखं दिसणारं, आत फ्रीजसारखं थंड, कपाटांच्या रांगा आणि कपाटांत खच्चून भरलेले सर्व्हर. मुंबईतल्या कंपन्यांचा कारभार आपल्या माळावर चालायचा. मी आधी लागलो आणि साहेबांना तुझं नाव सुचवलं. हे वाक्यही मी फार वापरलं. तू चार लोकांत चमकलास की मी शेजारच्याला हळूच म्हणायचो, "मीच आणला त्याला इथं."

त्या सगळ्या सर्व्हरांवर एक सर्व्हर असायचा. कागदोपत्री त्याला मॅनेजमेंट सर्व्हर म्हणत. तू त्याला मुकादम म्हणालास आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. मी ठेवलेली नावं कधी कुणाच्या तोंडी बसली नाहीत. मुकादम स्वतः घमेलं उचलत नाही. कोण कुठे उभा आहे, कुणासाठी काम करतो आहे, एखादा पडला तर त्याच्या जागी कोण, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. तो मेला तर मजूर हातातलं काम करत राहतात, पण नवं काम लागत नाही आणि चुकणाऱ्याला कुणी चुकलास म्हणत नाही. म्हणून मुकादमाच्या डोक्यातलं सगळं वरचेवर उतरवून ठेवायचं, तो बॅकअप. उद्या मुकादम गेला तर नवं यंत्र मांडायचं, त्यात ते उतरवलेलं भरायचं, की नवा मुकादम जुन्याच्या आठवणी घेऊन उठतो. त्याला रिस्टोअर म्हणायचं. गंमत एवढीच, की ज्या दिवसाचा बॅकअप भराल त्या दिवसात तो जागा होतो. जुना भरलात तर जुन्या दिवसात जागा होतो आणि मजुरांना जुन्या जागेवर हाकायला लागतो.

हे शास्त्र साहेबांनी आपल्याला शिकवलं, पण तू ते आईच्या बियाण्याला नेऊन जोडलंस. तुझी आई रोपांसाठी राबात टाकायचं भाताचं बी कधी एका घरात ठेवायची नाही. एक वाटा शेणव्याला, एक वाटा किन्हवलीच्या पलीकडे बहिणीच्या घरी. आग लागो, घुशी लागोत, एका घरचं तरी वाचेल. आणि पेरणीच्या आधी दोन्हीकडचे मूठमूठ दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवायची. कोंब आले तर ते बी, नाहीतर नुसतं भात. तू तेच केलंस. एक जुनं यंत्र साहेबांकडून मागून घेतलंस आणि प्रत्येक बॅकअप त्यावर उघडून बघायला लागलास. मी चेष्टा केली, "फडक्यात बांधलास का रे?" साहेबांनी चेष्टा केली नाही. तेव्हापासून सेंटरमध्ये तीच पद्धत पडली.

दुसरा वाटा दुसऱ्या गावात ठेवायचा म्हणून साहेबांची परवानगी काढलीस आणि एका रविवारी मोटारसायकलवरून आमच्या सरळगावच्या घरी आलास. खिशात डिस्क होती. माझी बायको बोंबलाची चटणी करत होती, तुला आवडते म्हणून. मला आवडते म्हणून तिनं ती कधी केल्याचं आठवत नाही. आमच्या तांदळाच्या पत्र्याच्या पिंपात कडुलिंबाचा पाला घालून तू स्वतःच्या हातानं ती डिस्क ठेवलीस आणि झाकण लावलंस.

"आमच्या आयशीचा एक नियम हाय," तू म्हणालास. "ज्याच्याकडं बी ठेवलं, त्याच्या कणगीत हात घालायचा नाय. तो म्हणेल हाय, तर हाय. म्हणेल मेलं, तर मेलं."

"आणि तो खोटं बोलला तर?"

"मंग त्याच्याकडं ठेवलंस कशाला, म्हणायची आयशी."

तू हसलास आणि आणखी चटणी मागितलीस. त्यानंतर थोड्या थोड्या दिवसांनी तू नवी डिस्क आणायचास आणि जुनी घेऊन जायचास. पिंपाचं झाकण मात्र परत कधी तू उघडलं नाहीस. डिस्क माझ्या हातात द्यायचास, माझ्या हातातून घ्यायचास.

काशिनाथ, मुकादम आधी माझ्याकडे होता. हे आता आठवणारे फार थोडे उरलेत. सगळी मांडणी माझी होती. साहेबांनी तो तुझ्याकडे दिला तेव्हा मी म्हणालो, "चांगलं झालं, माझ्या डोक्याचा ताप गेला." तू माझी मांडणी मोडून नवी केलीस. ती चांगली होती. नुसती चांगली नव्हती, इतकी सरळ होती की ती बघताना वाटायचं, हे आपल्याला का नाही सुचलं. तुझी मांडणी वाईट असती तर मी तुझा जिवलग मित्र राहिलो असतो.

तू भाचीच्या लग्नाला तानसाकडे गेला होतास. तिथं तुझ्या फोनला रेंज नव्हती. लाइनवरून जनरेटरवर जाताना विजेचा झटका बसला आणि मुकादमाच्या डिस्क एकदम गेल्या. साहेब धावत आले, घाबरलेले, आणि मला बघून म्हणाले, "भास्करराव, तुम्ही आहात ना, मग झालं." त्या वाक्याची मी किती वर्षं वाट पाहिली होती ते तुला कळायचं नाही, कारण तुला ते रोज कुणीतरी म्हणायचं.

नवं यंत्र मांडलं. मुकादमाचं सॉफ्टवेअर चढवलं, जुन्या यंत्रावर होतं अगदी तेच, नाहीतर तो आठवणी घेत नाही. आता बॅकअप निवडायचा. पडद्यावर दोन होते. एक तुझा, सुट्टीवर जाण्याआधी घेतलेला. एक माझा, तुझ्याकडे काम सोपवतानाचा, कधीचा पडून असलेला. तुझ्या बॅकअपचा पासवर्ड मला ठाऊक होता. तूच सांगितला होतास, "मी नसलो तर तू हायस" म्हणून. मी तुझ्या बॅकअपला हातही लावला नाही. माझा घेतला आणि माझा पासवर्ड टाकला.

साहेब मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "परवाचा का नाही घेत?"

मी म्हणालो, "काशिनाथचा उघडत नाही."

असं बोलून बसल्यावर तुझा बॅकअप तिथं राहू देणं शक्य नव्हतं. साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा मी तो पुसून टाकला.

तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात होतं का? त्या वेळी माझ्या मनात फक्त माझी मांडणी होती. ती पडद्यावर पुन्हा उभी राहिली, माझ्या रांगा, मी दिलेली नावं, आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. मग मुकादम कामाला लागला. तू हलवलेल्या सर्व्हरांना त्यानं जुन्या जागी हाकायला सुरुवात केली. चालू कामातले सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागले. फोन वाजायला लागले. तो गोंधळ निस्तरायला कितीतरी दिवस गेले, आणि त्याचाही ठपका तुझ्यावर आला. ताजा बॅकअप उघडला असता तर हे झालं असतं का, असं जो तो म्हणायचा. जुना का होईना, भास्कररावांचा होता म्हणून निभावलं, असंही म्हणायचे. मला शाल मिळाली. कार्यक्रमात सगळ्यात आधी टाळी तूच वाजवलीस.

तू परतलास तो लग्नातले लाडू घेऊन. डबा टेबलावर ठेवला आणि काय झालं ते ऐकून उभाच राहिलास.

"मी उघडून बघितला होता, भास्कर. जायच्या आदी. जुन्या मशीनवर उघडला होता, मंग मशीन मोकळं केलं."

"मशीनमशीनमध्ये फरक असतो," मी म्हणालो. ती फाइल त्या गोंधळात गेली, असंही सांगितलं.

तू विचार करायला लागलास. तुझा स्वभावच तो. संध्याकाळी शहापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना तुला एकदम आठवलं आणि तुझा चेहरा उजळला. "तुझ्याकडची डिस्क! ती बघितलीस?"

ती डिस्क त्याच आठवड्यात तू मला दिली होतीस. मी तिला पिंपातून बाहेरही काढलं नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं, उद्या आणतो.

"ती पण नाय उघडली," मी म्हणालो.

तू माझ्याकडे बघितलंस. गाडी लागली होती, माणसं चढत होती. "बरं," म्हणालास आणि चढलास. त्या दिवशी मी धरलेल्या जागेवर तू स्वतः बसलास, खिडकीबाहेर बघत. बाजूला एक म्हातारी उभी होती, ती तुला दिसली नाही.

तू ती डिस्क कधी मागितली नाहीस. मी म्हणालो मेली, तर मेली. दुसऱ्या कुणी, शहरातल्या कुणीही, सांगितलं असतं की आण बघू इकडे, मी बघतो. मी रोज त्याचीच वाट बघत होतो आणि भीत होतो. पण तू शेणव्याचा होतास, आणि माझ्या कणगीत हात घालणं तुझ्या हातून व्हायचं नव्हतं.

मुकादम परत माझ्याकडे आला. तुला नव्या पोरांना शिकवायला बसवलं, म्हणजे बाजूला केलं. तिथंही पोरं तुझ्यावर जीव टाकायला लागली. मी खुर्ची मिळवली आणि तू माणसं. त्या काळात माझं जेवण गोड लागायचं नाही. त्याला पश्चात्ताप म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. शिकवण्याच्या खोलीतून तुमच्या हसण्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा.

आणि तू शोधायला लागलास. माझ्या खोट्यानं तुला एक असं कोडं घातलं ज्याला उत्तरच नव्हतं, आणि तू ते मनापासून सोडवत बसलास. चूक तुझीच, हे धरून. घेताना वीज खालीवर झाली असेल. सॉफ्टवेअरमध्ये बारीक बदल असेल. पासवर्ड टाकताना बोट घसरलं असेल. नवं काही सुचलं की पहिला फोन मला. "भास्कर, ऐक, मला वाटतं त्या खोलीतली गरमी..." मी म्हणायचो, "असेल, असेल." निवृत्त झाल्यावरही तेच. तुझ्या ओटीवर चहा पिताना तू बोटांनी हवेत तारा जोडून दाखवायचास. हळूहळू तुझा स्वतःच्या हातांवरचा भरवसा गेला. कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, पुन्हा पुन्हा उठून बघायचास. सुमनवहिनी हसायची, "हे बघा, परत गेले." मी पण हसायचो. ज्या माणसाचे हात बघून मी जळायचो त्यालाच आपले हात खरे वाटेनासे झाले होते. आणि तरी सांगतो, मला तुझा हेवाच वाटायचा. तुझ्याकडे सकाळी उठून विचार करायला काहीतरी होतं.

तू आजारी आहेस हे मला कळलं होतं. मी येणार होतो. पण जो भेटेल तो सांगायचा, काशिनाथभाऊंच्या घरी माणसांची रीघ लागली आहे. त्या रांगेत उभं राहायची माझी तयारी नव्हती. मग निरोप आला. जेवलास, हात धुतलेस, खुर्चीत टेकलास, संपलं. तसं मरण मला येईल असं वाटत नाही.

तेराव्यानंतर वहिनीला भेटायला गेलो. घर रिकामं झालं होतं. ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला चहा दिला आणि सहज म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात त्यांना सापडलं होतं, भावजी."

"काय सापडलं?"

"ते बॅकअपचं. मी म्हटलं, मंग सांगा तरी, काय चुकलं होतं तुमचं? तर म्हणाले, सगळीकडं बघून झालं. एकच जागा ऱ्हायली, तिथं मी जाणार नाय."

मी कप खाली ठेवला. "आणखी काय म्हणाला?"

"काय नाय. एवढंच म्हणाले, माणसांची गर्दी कमी झाली की भास्करला बोलव एकदा."

मी उठलो. वाटेत किन्हवलीला उतरलो आणि स्टँडवर बसून राहिलो. तुला कळलं होतं, आणि तरी तू मला बोलावणार होतास. कशाला? विचारायला, शिव्या द्यायला, की पुन्हा काहीतरी नवं कारण सांगून मला सुटू द्यायला? तू काय बोलणार होतास ते मला आता कधीच कळणार नाही. तुझं कोडं सुटलं आणि माझं सुरू झालं. यातही तू माझ्या पुढे निघून गेलास.

घरी येऊन पिंप उघडलं. पाल्याचा भुगा झाला होता. त्याखाली डिस्क, तू शेवटी दिलेली. मी ती घेऊन सेंटरवर गेलो. मुकादम आता स्नेहलकडे आहे, तू शिकवलेली स्नेहल. तिला बसवून सगळं सांगितलं. ती उठली. शोधून शोधून त्या वेळचं सॉफ्टवेअर मिळवलं, एका रिकाम्या यंत्रावर चढवलं, आणि डिस्क जोडली.

डिस्क कटकट वाजली आणि थांबली. तिनं पुन्हा जोडली. दुसऱ्या यंत्रावर जोडून पाहिली. काही उघडलं नाही.

"काकांचा बॅकअप," ती पुटपुटली. सवयीनं तोंडातून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

इतकी वर्षं मी ती डिस्क अंधारात पडू दिली, आणि मी बोललेलं खोटं तिनं खरं करून दाखवलं. ज्या दिवशी ती उघडली असती त्या दिवशी मी ती आणली नाही.

मग माझ्याकडे फक्त शब्द उरला. आपल्या मंडळींनी शहापूरला तुझ्यासाठी शोकसभा ठेवली होती. मी उभा राहिलो आणि इथं लिहिलं आहे ते सगळं सांगितलं, पुसून टाकलेल्या बॅकअपसकट. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवल्या. सूत्रसंचालक म्हणाले, गेलेल्या मित्राचा दोष स्वतःच्या शिरावर घेणारं असं मन हल्ली बघायला मिळत नाही. सदा रडत रडत पाया पडला. मी त्याला म्हणालो, अरे खरंच मी पुसला. तो म्हणाला, "कळलं भास्करराव, कळलं. तुमी देवमाणूस हाव."

आयुष्यभर ज्या टाळ्यांसाठी तुझ्यावर जळलो त्या मला अशा मिळाल्या. तू नापास तो नापासच राहिलास, आणि मी तुला पास करू पाहणारा थोर माणूस झालो.

दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन शेणव्याला गेलो आणि वहिनीला सांगितलं. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. डिस्क हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"पुन्हा पुन्हा उठून गॅस बघायचे," ती म्हणाली. "मी हसायची त्यांना, भावजी. तुमी बी हसायचे."

तिनं डिस्क माझ्यापुढे धरली.

"आता ही मेली?"

"मेली, वहिनी."

"आमच्यात ठेवलेलं बी मेलं, तर ठेवणारा आपल्या घरचं देतो. सासूबाईंनी मावशीकडनं घेतलेलं हाय तसं."

"माझ्याकडं काय आहे द्यायला?"

"ते मी सांगू?" वहिनी म्हणाली आणि डिस्क घेऊन आत गेली. परत बाहेर आली नाही. मी ओटीवर बसून राहिलो, मग निघालो.

माझ्याकडे काय आहे, ते मला एसटीत सुचलं. सेंटरमध्ये नव्या पोरांना पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगतात. एक तुझी, ताजी पण फसलेली, आणि एक माझी, जुनी पण भरवशाची. माझ्या घरचं बी म्हणाल तर तेवढंच, माझं तिथलं नाव. स्नेहलला सांगून आलो आहे, यापुढे गोष्ट खरी तशीच सांग. काशिनाथचा बॅकअप उघडत होता. त्यानं तो स्वतः उघडून पाहिला होता. भास्करनं तो पुसला. स्नेहलचा माझ्यावर विश्वास आहे. शोकसभेत तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या, त्यावरून मला कळलं. आणि सदा, तूही हे वाचशीलच. यापुढे न उघडणाऱ्या छत्रीला माझं नाव लाव.

काशिनाथ, ती म्हण तुझ्यावरून उतरून माझ्यावर येईल तेव्हा मी तक्रार करणार नाही. पण तुला म्हणून सांगतो. तुझ्या नावानं लोक ती म्हणायचे तेव्हा त्यांच्या आवाजात माया असायची. माझ्या नावानं म्हणताना ती असणार नाही. आणि बघ, त्याचाही मला आतापासूनच हेवा वाटायला लागला आहे.